चंद्राचं गेज

भालेराव काकांनी एकदा चंद्र रिजेक्ट केला होता. मी साक्षीदार आहे.

चैत्री पौर्णिमेची संध्याकाळ होती. लोडशेडिंगमुळे सगळी बिल्डिंग गच्चीवर वारा खायला जमली होती. समोर, नदीपलीकडच्या बारवीच्या डोंगरांवरून तांब्याच्या रंगाचा असा अवाढव्य चंद्र वर आला की मी न राहवून जिन्यात ओरडलो, "काका, लवकर या! केवढा मोठा चंद्र!"

काका आले. पांढरा झब्बा, पांढरा लेंगा. खिशातून त्यांनी पितळेची एक पट्टी काढली. पट्टीच्या कडेला ओळीने खाचा पाडलेल्या, प्रत्येक खाच आधीच्या खाचेपेक्षा केसभर मोठी. मधोमध एक दोरी बांधलेली. दोरीची गाठ त्यांनी दातांत धरली, दोरी ताणेपर्यंत पट्टी पुढे नेली, एक डोळा मिटला आणि एकेका खाचेत चंद्र बसवून पाहिला. वाळलेले पापड गोळा करणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

दातांतली दोरी सोडून काका म्हणाले, "साइज नेहमीचीच. उलट एक खाच कमीच भरतेय. मोठा म्हणून पाठवला असेल, तर रिजेक्ट."

"अहो, पण दिसतोय ना मोठा!"

"डोळा खोटं बोलतो, कदम. गेज बोलत नाही."

एवढं बोलून त्यांनी पट्टी खिशात ठेवली आणि एक कच्चा पापड उचलून तो गोल आहे की नाही ते बघू लागले.

आम्ही तळमजल्यावर, काका-काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. आमची बेलवली रेल्वेच्या हिशेबाने बदलापूर पश्चिमेला येते, तरी चंद्र उगवतो तो आमच्याच बाजूला. ही चूक रेल्वेची आहे, चंद्राची नाही, असं काकांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मापात आहे की नाही हे बघणं, एवढंच काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. माप तपासायच्या गेजला दोन तोंडं असतात. एका तोंडात तुकडा गेला पाहिजे आणि दुसऱ्यात जाता कामा नये. दोन्ही जमलं तर पास. नाही जमलं तर तुकड्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका. एकदा लाल ठिपका पडला की तो तुकडा संपला. मोठ्या साहेबालाही तो पुसायची परवानगी नसायची.

काका रिटायर झाले, पण ठिपका त्यांच्यासोबत घरी आला. बिल्डिंगच्या जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, हे आम्हाला दहा वर्षं तिथे ठेचा खाऊनही कळलं नव्हतं. एका सकाळी तिच्यावर लाल ठिपका दिसला. बिल्डरने बसवलेल्या आमच्या दाराच्या चौकटीवरही एक आहे. विहारात पंचशीलाचा ध्वज लावताना काठी सरळ आहे की नाही हे ओळंबा सोडून बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पोहे खाता खाता म्हणाले, "भिंत बाहेर झुकलीय." मुलगी चांगली होती. लग्न झालंही. पण सासरेबुवा अजून काकांना बघितलं की आधी भिंतीकडे बघतात.

माझं आणि त्यांचं का जमावं, हे मला कधी कळलं नाही. मी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या वर्कशॉपात कापड कापतो. कापडात अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर कोणी मरत नाही. एकदा काका चेन बदलून घ्यायला वर्कशॉपात आले आणि तयार मालाच्या गठ्ठ्याजवळ बसले. अर्ध्या तासात त्यांनी चाळीस पॅंट बाजूला काढल्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा.

आमचे सेठ हात जोडून म्हणाले, "साईं, उन्नीस-बीस तो चलता है ना."

"बीस बोलके उन्नीस देते हो, और चलता है?"

काका गेल्यावर सेठने मला जवळ बोलावलं. "कदम, अगली बार इनको बाहर से चाय पिलाके भेजना. अंदर नहीं लाना."

काकांचं म्हणणं साधं होतं. "माल इथून पुढे कुठे जातो, कुणाच्या हातात पडतो, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून इथेच बघायचं. खोटा पास देणारा माणूस मला खुन्यासारखा वाटतो." हे ते इतक्या शांतपणे म्हणायचे की हसायची सोय नसायची.

तर चंद्राचं गेज. ते कधी सुरू झालं ते मला आठवत नाही, पण दर पौर्णिमेला हा कार्यक्रम व्हायचा. काका-काकू पांढऱ्या कपड्यांत कॉलनीतल्या विहारात वंदनेला जायचे, घरी येऊन खीर खायचे आणि मग गच्चीवर यायचे. काकूंचं नाव सुमन. गोऱ्या, ठेंगण्या, सतत हसणाऱ्या. काका दोरी दातांत धरायच्या आधी काकूंना विचारायचे, "काय साइज?"

काकू आकाशाकडे बघून म्हणायच्या, "आज वाटीएवढा." किंवा, "पुरीएवढा. फुगलेल्या." मग काका माप घ्यायचे आणि खाली जाऊन कॅलेंडरवर पौर्णिमेच्या चौकोनात दोन्ही लिहायचे. पाच पूर्णांक चार मिलिमीटर, वाटी. पाच पूर्णांक तीन, पुरी.

काकू मला म्हणायच्या, "कदमभाऊ, हे मला बघायला आले तेव्हा टेप आणली नव्हती, हे माझं नशीब."

घोटाळा असा झाला की चंद्राचं माप दर महिन्याला सारखं येईना. कधी एक खाच जास्त, कधी दोन खाचा कमी. तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? चंद्र लहानमोठा होत असेल. काकांच्या ते स्वप्नातही आलं नाही. त्यांनी गेजला दोष दिला. पट्टी मोडीत काढून, तिच्यावर लाल ठिपका देऊन नवी बनवली. रात्र-रात्र कानस घासण्याचा आवाज माझ्या डोक्यावर चालू. तिच्यातही तेच. मग दोरीवर संशय. सुती दोरी दमट हवेत ताणते म्हणून माशाच्या गळाची तंगूस आणली. तरी तेच. एका पौर्णिमेला मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "दोष सापडला. डावीकडचा दात काढल्यापासून गाठ आत सरकतेय." आणि त्यांनी खरंच दुसऱ्या बाजूच्या दातांत धरून मापं घेतली. दोन वर्षांत तीन पट्ट्या रिजेक्ट झाल्या.

मी एकदा वैतागून विचारलं, "काका, चंद्राचं माप घेऊन करायचंय काय?"

त्यांनी पट्टी पुसून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मास्टर गेज म्हणजे काय माहीत आहे? कामावरची गेजं वापरून झिजतात. म्हणून एक गेज कपाटात कुलपात असतं. ते कामाला वापरायचं नाही. महिन्यातून एकदा बाहेर काढायचं, बाकीची त्याच्याशी ताडून बघायची आणि परत आत ठेवायचं. चंद्रही महिन्यातून एकदाच पुरता बाहेर येतो. तो मास्टर आहे. मी तपासतोय ती दुसरी गोष्ट."

आणि मग त्यांनी सांगितलं. काकूंची साखर डोळ्यांत उतरली होती. लेसर झालं होतं, औषधं चालू होती. पण डॉक्टरने विचारलं की काकू म्हणायच्या, "बरं आहे." घरी विचारलं तरी, "बरं आहे." दळणात खडे राहू लागले, दुधात साखरेऐवजी मीठ पडलं, तरी "बरं आहे." आपल्यामुळे कुणाला त्रास नको, हा त्यांचा स्वभाव. म्हणून काकांना असं काहीतरी हवं होतं की जे स्वतः बदलत नाही आणि ज्याच्याकडे बघताना आपली तपासणी चालली आहे असं काकूंना वाटणार नाही.

मी वर जाऊन ते कॅलेंडर बघितलं. माझा चेष्टेचा सूर तिथे संपला. काकांचा आकडा पाच पूर्णांक कितीतरीच्या आसपास फिरत होता. शेजारी वाटी, पुरी, वाटी. मग पापड. मग "कडा नाही". मग "पिठाचा डाग". काका हे कागद डॉक्टरकडे घेऊन जायचे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठच्या नोव्हेंबरच्या पौर्णिमेला, काकूंनी वर बघितलं आणि विचारलं, "आज ढग आहेत का हो?"

आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. काकांनी हातातली पट्टी खाली घेतली. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "हो काकू, आहेत थोडे."

जिना उतरताना काकांनी माझा दंड धरला. एवढं चिडलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "खोटा रिपोर्ट दिलात तुम्ही. कुणी सांगितलं होतं? तिला खरं कळायला नको? उद्या डॉक्टरला मी काय सांगू, ढग होते?"

मी माफी मागितली. त्या चौकोनात काकांनी आकड्याशेजारी नुसती एक आडवी रेघ मारली. आठवड्याने दोघं डॉक्टरकडे जाऊन आले. आता जेवढं आहे तेवढं जपा, आणखी काही करता येण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकूंना उजेड तेवढा कळत होता, आणि जवळचं काही हललं तर ते.

डिसेंबरात एका सकाळी मी पेपर घेऊनच वर धावलो. येत्या पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ येणार, बऱ्याच वर्षांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात उजळ दिसणार, असं छापून आलं होतं. चंद्र फिरताना कधी जवळ येतो, कधी लांब जातो, त्यामुळे तो थोडा लहानमोठा दिसतच असतो, असंही खाली दिलं होतं.

काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"म्हणजे गेज बरोबर होतं," ते म्हणाले.

"तिन्ही बरोबर होती काका."

ते उठले. पलंगाखालचा डबा ओढून त्यांनी तिन्ही जुन्या पट्ट्या बाहेर काढल्या, चिंधी रॉकेलमध्ये भिजवली आणि लाल ठिपके पुसायला बसले. तेहतीस वर्षांत त्यांनी दिलेला ठिपका पुसला नव्हता. तिसरी पट्टी पुसून झाल्यावर चिंधीकडे बघत हळूच म्हणाले, "मोठा आणि उजळ. कदम, मग सुमनला दिसेल."

त्यानंतरचे आठ दिवस त्यांनी मला जगू दिलं नाही. उजळ म्हणजे किती? धुकं पडलं तर? कॅम्प पाचमध्ये कोणाकडे चांगली दुर्बीण आहे का? मी म्हटलं, "काका, दुर्बीण काकूंच्या काय कामाची?" तर म्हणाले, "बरोबर आहे," आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं. मला त्यांची भीती वाटू लागली. एवढी आशा या माणसाला परवडणार नाही, असं वाटायचं.

पौर्णिमा शुक्रवारी आली. शुक्रवारी कॅम्प पाचमध्ये वीज बंद, म्हणून वर्कशॉपला सुट्टी. मी पाचलाच गच्चीवर खुर्ची नेऊन ठेवली. काकांनी ओळंबा धरावा तशी ती डोंगरांकडे तोंड करून नीट लावली. काकू पांढऱ्या साडीत, विहारातून थेट, एका हाताने काकांचा हात आणि दुसऱ्याने कठडा धरून चार मजले चढून आल्या. सातव्या पायरीशी काका म्हणाले, "उंच आहे," आणि काकू हसून म्हणाल्या, "माहीत आहे. रिजेक्ट पायरी."

चंद्र उजेडातच वर आला होता, पण काका म्हणाले, अंधार पडू दे. अंधार पडला. लोडशेडिंग सुरू झालं, सगळी बेलवली काळी झाली आणि डोंगरांवर तो उभा राहिला. मी आजवर तसा चंद्र पाहिलेला नाही. नदीचं पाणी दिसत होतं, लांबच्या विटभट्टीचा धूर दिसत होता, काकांच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. माझी स्वतःची सावली कठड्यावर पडली होती.

काकूंचं तोंड बरोबर त्याच्याकडे होतं. सगळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता. डोळे उघडे होते.

"उगवला का हो?" त्यांनी विचारलं.

काका काही बोलले नाहीत. मीही नाही. मागच्या महिन्यात काकांनी धरलेला दंड अजून दुखत होता.

"वेळ लागेल वाटतं अजून," काकू म्हणाल्या आणि पदर सारखा करून बसल्या.

काका खुर्चीच्या मागे उभे होते. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले होते. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. मला उठून खाली निघून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात उजवीकडे, शेजारच्या प्लॉटवर जनरेटर धडधडला. तिथे नवी इमारत उठत होती आणि काम संध्याकाळीही चालायचं. बांबूच्या टोकाला बांधलेला मोठा हॅलोजन आधी लाल झाला आणि मग भसकन पेटला.

काकूंनी मान वळवली. डोंगरांकडून, चंद्राकडून, थेट त्या हॅलोजनकडे.

"उगवला!" त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या. "अहो, उगवला! दिसला मला! केवढा मोठा आहे हो! परातीएवढा! कदमभाऊ, बघताय ना?"

मी काकांकडे बघितलं. आता हा माणूस काय म्हणेल याची मला धास्ती वाटत होती. समोर कुणीही असो, त्याने आयुष्यात खोट्याला खरं म्हटलं नव्हतं.

काका खुर्चीच्या उजव्या बाजूला आले. काकू जिकडे बघत होत्या तिकडे त्यांनी बघितलं. खरा चंद्र त्यांच्या पाठीमागे राहिला.

"सांगा ना," काकू म्हणाल्या. "तुमचं काय माप येतं?"

काकांनी खिशातून पट्टी काढली. गाठ दातांत धरली. तंगूस ताणली, एक डोळा मिटला आणि हॅलोजनवर गेज धरलं. पहिली खाच. दुसरी. तिसरी. शेवटपर्यंत गेले. एकही खाच त्यांनी सोडली नाही.

मग दोरी सोडून म्हणाले, "सुमन, एकाही खाचेत बसत नाही. गेज लहान पडलं."

"बघा!" काकू टाळी वाजवून हसल्या. "मी म्हटलंच, परात आहे. मग? पास की नाही?"

"पास," काका म्हणाले.

त्या रात्री काकू खूप बोलल्या. माहेरी चामटोलीला खळ्यावर चांदण्यात कशा खेळायच्या, आई खीर कशी करायची, सगळं. नजर हॅलोजनवरून हलली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी त्या ते मिटत नव्हत्या. काकांनी मध्येच रुमाल पुढे केला तेवढाच. जनरेटर बंद व्हायच्या आधी ते म्हणाले, "चल, दव पडतंय," आणि त्यांना उठवलं.

काकूंना घरात बसवून काका पुन्हा बाहेर आले. मी जिन्यात खुर्ची घेऊन उभा होतो. मला काही विचारायचं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

"हा माल आता पुढे कुठे जायचा नाही, कदम. इथेच राहणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा ते माझ्या दाराशी आले. हातात पट्टी होती, तंगूस तिच्याभोवती नीट गुंडाळलेली.

"हे तुमच्याकडे ठेवा," म्हणाले. "कापडावर रेघा मारायला होईल."

"काका, गेज तर बरोबर आहे. पेपरातच आलंय."

"नाही," ते म्हणाले. "काल तुमच्यासमोर लहान पडलं."

आणि ते जिना चढून वर गेले. सातव्या पायरीवर पाय उचलून, मोजून. मी पट्टीभोवतीची तंगूस सोडवली तेव्हा अंगठ्याला काहीतरी चिकटलं. खाचांच्या ओळीच्या शेजारी लाल ठिपका होता, अजून ओला.